घरचे नियम आणि पाठभेद : देशी रीतीच्या बुद्धिबळाविषयी

खेळाचे नियम ही एक संहिता मानली, तर घरोघरी पाळले जाणारे निराळे संकेत हे तिचे पाठभेद ठरतात. देशी रीतीचे बुद्धिबळ हे त्याचे बोलके उदाहरण होय. प्रस्तुत टिपणात त्या रीतीतील तीन संकेत व त्यांमागील मूल्यविचार पाहावयाचा आहे.

पहिला संकेत गतीचा. देशी रीतीत प्यादे सामान्यतः आरंभीही एकच घर सरकते. राजाला किल्लेकोट नाही. त्याऐवजी शह बसण्यापूर्वी एकदाच त्याला घोड्याची अडीच घरांची चाल मिळते. दुसरा बढतीचा. अखेरच्या रांगेत पोचलेले प्यादे खेळणाऱ्याच्या इच्छेने वजीर होत नाही. ज्याच्या घरात ते पोचले, त्याचे पद त्याला लाभते. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. तिसरा, आणि सर्वांत अर्थपूर्ण, निकालाचा. प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला की डाव 'बुर्जी' होतो आणि विजयाचे मोल उतरते. याउलट प्याद्याने केलेली 'प्यादेमात' सर्वाधिक मानाची. परिणामी वरचढ खेळाडूला प्रतिपक्षाचा शेवटचा मोहरा जपावा लागतो. विजयाइतकीच त्याची रीतही येथे मोजली जाते.

या रीतीचे भाषांतर लवकरच सुरू झाले. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा मूळ संस्कृतातील बुद्धिबळविषयक ग्रंथ 1814 साली मुंबईत इंग्रजीत निघाला, तो युरोपीय रीतीशी जुळवून घेऊन. येथे भाषेबरोबर नियमही भाषांतरित झाले.

साहित्याने या स्थित्यंतराची नोंद घेतली आहे. प्रेमचंदांच्या 'शतरंज के खिलाड़ी' (1924) या कथेत दोन्ही खेळाडू परस्परांच्या हातून मरतात. सत्यजित राय यांच्या चित्रपटात (1977) ते जिवंत राहतात व इंग्रजी रीतीने नवा डाव मांडतात. वजीर हटतो, राणी येते. मूळ कथेतील मृत्यूची जागा येथे नियमबदलाने घेतली आहे. अवधचे विलीनीकरण 1856 चे. त्याआधी दोनच वर्षे, 1854 साली, नागपूरच्या भोसल्यांचे राज्य आणि त्याबरोबर रायपूरसह छत्तीसगढ इंग्रजी अमलाखाली गेले होते. म्हणूनच हे रूपक रायपूरच्या मराठी वाचकाला परके नाही.

मराठीने खेळाला 'बुद्धिबळ' हे संस्कृत घडणीचे नाव दिले. शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द मात्र फारसीकडून आलेले, हिंदीशी सामाईक. 'शह-काटशह' राजकीय लेखनात आजही नांदतो. 'बुर्जी' मात्र, तिला अर्थ देणारा नियम मागे पडताच, नव्या वाचकाला अनोळखी झाली. तेव्हा घरच्या नियमांकडे प्रमाण रीतीपासूनचे स्खलन म्हणून न पाहता स्वतंत्र पाठ म्हणून पाहावे. भोसलेकाळापासून मराठी वस्ती असलेल्या या प्रदेशात वडीलधाऱ्यांच्या तोंडून ते टिपून ठेवणे, हे तौलनिक साहित्याभ्यासाचेही काम आहे.