गोळी न झाडणारी बंदूक

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. अशा यात्रा-जत्रांमधला फुगे फोडायचा खेळ कुणाला ठाऊक नाही? फळीवर रंगीत फुग्यांच्या रांगा, खांद्याला छर्र्याची बंदूक, नेम लागला की फट्! नव्वदच्या दशकात हा थरार आपल्याकडे घरच्या टीव्हीवर आला. व्हिडिओ गेमसोबत प्लास्टिकची बंदूक मिळायची. कॅसेट लावली की गवतातून बदकं उडायची आणि नेम चुकला की कुत्रा खिदळायचा. निन्टेंडोचा हा ‘डक हंट’ १९८४ सालचा.

पण छर्रा सुटत नाही, काचेला ओरखडा नाही. मग बदकाला गोळी लागली हे टीव्हीला कळतं कसं?

गंमत अशी, की त्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. उलट उजेड आत येतो! नळीत एक भिंग आणि त्यामागे प्रकाश टिपणारा इवलासा सेन्सर. ही बंदूक म्हणजे खरं तर एक डोळा आहे.

चाप ओढताच पडदा क्षणभर काळाकुट्ट होतो. पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, बाकी सगळा अंधारच. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर नेम अचूक. बदकं दोन असली तर चौकोन एकामागून एक येतात; उजेड कोणत्या चित्रात दिसला त्यावरून कोणतं बदक पडलं ते ठरतं. आपल्याकडच्या टीव्हीवर सेकंदाला ५० वेळा पडदा नव्याने रंगायचा. म्हणजे हा सगळा निवाडा सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आतच! आपल्याला दिसते ती फक्त एक लुकलुक.

मग बंदूक पेटत्या बल्बवर रोखली तर? बल्ब ‘आधी अंधार’ ही अटच पाळत नाही. शिवाय निन्टेंडोच्या मूळ बंदुकीत आणखी एक राखणदार होता. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत सेकंदाला १५ हजारांहून जास्त ओळी रेखत जातो. प्रत्येक ठिपका झळकतो आणि लगेच मंदावतो. कुठल्याही क्षणी पडद्याचा एक पट्टाच काय तो तेजाळलेला असतो; अख्खं चित्र जुळतं ते आपल्या नजरेत. बंदुकीचं सर्किट या वेगाच्या झगमगाटालाच दाद द्यायचं.

१९९७ साली प्लेस्टेशनवर आलेल्या नामकोच्या ‘गनकॉन’ने याच झोताचं घड्याळ केलं. चित्र सुरू झाल्यापासून झोत बंदुकीपुढे यायला किती वेळ लागला, एवढं मोजलं की कोणती ओळ आणि त्या ओळीतली कोणती जागा, दोन्ही कळतात. वेळेवरून जागा ओळखायची ही युक्ती किती देखणी!

याच्या अगदी उलट रचना त्याआधी होऊन गेली होती. १९३६ साली अमेरिकेतल्या सीबर्ग कंपनीच्या ‘रे-ओ-लाइट’ खेळात बंदूक खरोखरच प्रकाश सोडायची आणि पाहायचं काम बदकातली प्रकाश टिपणारी नळी करायची. पुढे टीव्ही आला आणि पाहणारा डोळा बदकातून बंदुकीत गेला.

आजच्या एलसीडी टीव्हीवर ती जुनी बंदूक मुकी पडते. तिथे धावता झोतच नाही, आणि चित्रही किंचित उशिरा उमटतं. बंदूक उजेडाची वाट पाहते तेव्हा तो आलेलाच नसतो. म्हणून ‘सिंडेन’सारख्या नव्या बंदुकीत कॅमेरा असतो. तो चित्राभोवतीची पांढरी चौकट पाहतो आणि तिच्या आकारावरून नळीचा रोख काढतो. तंत्र बदललं, पण बंदुकीचं काम अजूनही पाहण्याचंच आहे.

माळ्यावर जुना डबा टीव्ही आणि तो खेळ अजून असेल, तर खाली काढा. मोबाइल स्लो मोशनवर ठेवा आणि चाप ओढताना पडदा टिपा. काळा पडदा, पांढरा चौकोन, खाली सरकणारा पट्टा: लहानपणी डोळ्यांदेखत घडलेलं आणि तरीही कधीच न दिसलेलं सगळं तिथे सापडेल.