पोराबाळांच्या घरात जमीन कशी असावी?

घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. घर बांधताना भिंती, दारे, पत्रा की स्लॅब यांवर महिनोन्‌महिने खल चालतो. जमिनीची पाळी येते ती अगदी शेवटी, हातातले पैसे संपत आल्यावर. मग तालुक्याच्या दुकानात जो चकचकीत नमुना डोळ्यांत भरेल तो उचलला जातो. वास्तविक घरात सर्वांत जास्त झिजते ती जमीनच. तिच्यावर पोरे रांगतात, सायकल फिरवतात, ज्वारीची पोती ओढली जातात, दुधाच्या किटल्या आदळतात. आणि शेतातून येणारा प्रत्येक पाय थोडी माती आत घेऊन येतो. हे सारे सोसणारी जमीन हवी असेल तर नक्षीच्या आधी दोन गोष्टी पाहाव्यात. फरशीखाली काय आहे, आणि त्या खोलीत काम काय चालते.

पक्की जमीन ही चैन नव्हे

शेणामातीने सारवलेली जमीन पायाला मऊ आणि उन्हाळ्यात गार असते, हे खरे. पण ती राखण्याचे कष्ट घरातील बाईलाच ठाऊक. पुन्हा पुन्हा सारवण, पावसाळ्यात ओल आणि कोपऱ्यात उंदरांची बिळे. शिवाय जंतांची अंडी ओलसर मातीत बरेच दिवस जिवंत राहतात आणि रांगत्या मुलाच्या हातातून तोंडात जातात. मेक्सिको देशातील कोआविला राज्यात २००० साली गरीब घरांतील मातीच्या जमिनीवर सिमेंटचा कोबा करून देण्याची सरकारी योजना निघाली. पुढे अभ्यासकांनी तपासणी केली, तेव्हा अशा घरांतील लहान मुलांत जंत, जुलाब आणि रक्तक्षय यांचे प्रमाण बरेच कमी आढळले. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. तेथे कोणी संगमरवर घातला नव्हता. साधा कोबाच होता. तेव्हा पैसा थोडा असेल तर थोड्यातही हे काम होते.

आधी भराव, मग फरशी

नवी फरशी दोन वर्षांत खचली, की आपण दगडाला किंवा गवंड्याला दोष देतो. पुष्कळदा दोष असतो खालच्या मातीचा. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जोत्यात तीच माती भरली तर वरची फरशी कितीही भारी असो, ती हलणारच. म्हणून जोत्यात भरावाला मुरूम वापरावा. तो एकदम न ओतता सहा-सहा इंचांचे थर द्यावेत, प्रत्येक थरावर पाणी मारावे आणि धुमसाने चांगला ठोकून घ्यावा. एक पावसाळा भराव तसाच बसू दिला तर उत्तमच. त्यावर चार इंच जाडीचा खडीचा काँक्रीट थर घालावा. या थरात काटकसर करून वर महागाची फरशी घालणे म्हणजे भुसभुशीत रानात पेरणी करण्यासारखे आहे.

कोठे काय घालावे?

कोबा : सर्वांत स्वस्त, धान्याच्या खोलीला आणि ओसरीला चांगला. एक घमेले सिमेंट, दोन घमेली वाळू आणि चार घमेली बारीक खडी, हे प्रमाण धरावे. माल पातळ करू देऊ नये. पाणी लवकर सुकावे म्हणून वरून कोरडे सिमेंट भुरभुरण्याची घाई काही कारागीर करतात. तसा थर पुढे पापुद्र्यासारखा निघतो. मोठ्या खोलीत एकसंध कोबा न करता चौकोन पाडून करावा, म्हणजे वेड्यावाकड्या भेगा पडत नाहीत. काम झाल्यावर निदान सात दिवस तो ओला ठेवावा.

शहाबादी फरशी : कर्नाटकातील शहाबाद गावावरून हे नाव पडले. तेलंगणातील तांदूर आणि राजस्थानातील कोटा या फरश्याही त्याच जातीच्या, म्हणजे चुनखडी दगडाच्या. माजघर, स्वयंपाकघर आणि पडवी यांना हा दगड फार सोयीचा. वरवंटा पडला तर फार तर टवका उडतो. झिजला तरी वरपासून खालपर्यंत रंग एकच. पुढे कधी पैसे आले तर घासून पॉलिशही करता येते. घेताना एका जाडीच्या फरश्या निवडाव्यात आणि नाण्याने वाजवून पाहाव्यात. खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज येणारी फरशी आतून चिरलेली असू शकते.

टाइल्स : भिंतीची टाइल जमिनीला कधीही लावू नये, ती वजनाला टिकत नाही. साध्या सिरॅमिक टाइलवर झिलईचा पातळ थर असतो, तो रेताड पायांनी घासला जातो. व्हिट्रिफाइड टाइल आतपर्यंत घट्ट असते, पाणी जवळजवळ शोषत नाही. पाठीवर पाण्याचे थेंब टाकून पाहावे. थेंब लगेच आत शिरले तर ती टाइल सच्छिद्र समजावी. लावल्यावर पाच-सहा टाइल्स जपून ठेवाव्यात, कारण पुढे तोच रंग मिळेल याची खात्री नसते.

चकाकी की पाय घसरणे?

मुले धावणार आणि म्हातारी माणसे पहाटे अंधारात उठणार. ओल्या, गुळगुळीत जमिनीवर मूल पडले तर टेंगूळ येते, पण आजीचे खुब्याचे हाड मोडले तर घराचा सारा क्रमच बदलतो. म्हणून न्हाणीघर, मोरी, अंगणाकडची पायरी आणि स्वयंपाकघर येथे खरखरीत फरशीच घालावी. दुकानात नमुन्यावर पाणी ओतून अनवाणी पाय फिरवून पाहावा, लाजू नये. मोरीला दर चार फुटांना एक इंच तरी उतार ठेवावा. गवंडी असतानाच बादलीभर पाणी ओतून ते कोठे साचते ते पाहावे.

जपणूक

चुनखडी दगडाला आणि कोब्याला आंबट पदार्थ खातात. लिंबू, चिंच, ताक सांडले तर लगेच पुसावे. संडास धुण्याचे ॲसिड अशा जमिनीवर कदापि वापरू नये. साबणाचे पाणी पुरे. खताची पोती उघड्या जमिनीवर रचू नयेत. ओल धरून खताचे पाणी खाली झिरपले की कोबा फुगून पोखरतो. खतासाठी घराबाहेर वेगळी जागा करावी. धान्याची पोतीदेखील फळ्यांवर ठेवावीत. दगड हिवाळ्यात गार पडतो, म्हणून तान्हे मूल आणि वृद्ध बसतात तेथे सतरंजी किंवा घोंगडी अंथरावी. दारात जाड पोते टाकून पाय पुसण्याची सवय मुलांना लावली, तर फरशीचे आयुष्य फुकटात वाढते.

शेवटी एक गोष्ट. दुकानात निवड करायला घरचे कर्ते पुरुषच जातात, आणि ती जमीन रोज झाडते-पुसते ती घरातील बाई. कोणता रंग मळखाऊ, कोठे पाणी सांडते, पोरे कोठे पडतात, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तेव्हा फरशी घ्यायला जाताना तिला बरोबर न्यावे, आणि तिने नको म्हटलेला नमुना दुकानातच ठेवून यावे.