ट्रॅक्टरची नोट आणि लाखाची बोली

दर दोन-चार महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज येऊन पडतोच: ‘ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट आहे का? ऑनलाइन विका, लखपती व्हा!’ मग माळ्यावरची ट्रंक खाली येते, जुनी पाकिटं उलटीपालटी होतात आणि घरातलं कुणीतरी मोबाइलवर ‘विक्रेता म्हणून नोंदणी’ शोधू लागतं. ऑनलाइन लिलावात विकणं हा खरा व्यवहार आहे, पण त्याची सुरुवात या मेसेजपासून झाली तर पुढचं सगळंच फसतं. म्हणून नेहमीचे गैरसमज एकेक करून तपासू. उदाहरण मुख्यतः ईबेचं घेऊ, कारण 1995 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या याच साइटने लिलाव सामान्य माणसाच्या घरात आणला.

गैरसमज : साइटवर लाखाचा आकडा दिसतो, म्हणजे वस्तू लाखाची.

वस्तुस्थिती : दिसतो तो आकडा विकणाऱ्याने मागितलेला असतो, मिळालेला नव्हे. मागायला काय, कुणीही काहीही मागेल. ईबेवर शोध घेताना ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ असा पर्याय निवडता येतो. खरा बाजारभाव तिथे कळतो आणि बऱ्याचदा हवा तिथेच निघते. नोटा-नाण्यांच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. ‘खरेदीदार तयार आहे, फक्त आधी कमिशन किंवा कर भरा’ असं सांगून पैसे उकळले जातात, त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्हही वापरलं जातं. आपण अशा व्यवहारात नसतो आणि असं शुल्क कधीही मागत नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये दिला होता. विकणाऱ्याकडेच आधी पैसे मागितले जात असतील, तर गिऱ्हाईक आपणच आहोत हे ओळखावं.

गैरसमज : वस्तू चांगली असली की बोली आपोआप चढते.

वस्तुस्थिती : बोली चढायला किमान दोन गरजू लागतात. समजा, तुम्ही 10 डॉलरपासून लिलाव सुरू केला. एकाने आपली कमाल मर्यादा 40 डॉलर टाकली, दुसऱ्याने 25. साइट पहिल्याच्या वतीने आपोआप बोली लावते, पण दुसऱ्याला मागे टाकण्यापुरतीच. लिलाव 26 डॉलरवर संपतो. म्हणजे भाव ठरवला तो हरलेल्याने! तो दुसरा माणूस आलाच नसता, तर वस्तू 10 डॉलरलाच गेली असती. त्यामुळे सुरुवातीची बोली तीच ठेवावी, ज्या किमतीला वस्तू गेली तरी झोप उडणार नाही. ज्या वस्तूचा भाव ठरलेला आहे ती लिलावात न घालता सरळ ठरावीक किमतीला लावावी. आज ईबेवरची बहुतांश विक्री तशीच होते. लिलाव शोभतो तो दुर्मीळ, भावाचा अंदाज नसलेल्या आणि शौकिनांत चढाओढ लावणाऱ्या वस्तूला.

गैरसमज : मेहुण्याला दोन बोल्या लावायला सांगितलं तर काय बिघडतं?

वस्तुस्थिती : खूप बिघडतं. आपल्याच वस्तूवर स्वतः किंवा ओळखीच्यांकडून बोली लावणं ईबेच्या नियमांत निषिद्ध आहे. 2000 साली 25 सेंटपासून सुरू झालेल्या एका चित्राची बोली 1,35,805 डॉलरवर गेली. चित्र नामवंत अमेरिकन चित्रकाराचं असावं, असा भास निर्माण केला होता आणि विकणाऱ्याने स्वतःही बोली लावली होती. ईबेने व्यवहार रद्द केला, आणि बनावट बोल्यांचं प्रकरण पुढे फौजदारी खटल्यापर्यंत गेलं.

गैरसमज : दोष सांगितला तर वस्तू विकली जात नाही.

वस्तुस्थिती : ईबेवर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती होती एक बिघडलेली लेझर पॉइंटर. बिघडली आहे असं सांगूनच ती 14.83 डॉलरला गेली. खरा तोटा होतो तो दोष लपवल्याने.

आपल्या जवळचं उदाहरण एचएमटीच्या चावीच्या घड्याळांचं. परदेशात या घड्याळांचे शौकीन आहेत. पण जुन्या तबकडीला नवा रंग मारून, या घड्याळाचे काटे त्याला जोडून विकलेल्या भारतीय घड्याळांना तिकडच्या संग्राहकांनी नावच पाडलं आहे, ‘मुंबई स्पेशल’. हे काही कौतुक नव्हे. म्हणून ‘सुंदर, दुर्मीळ, चालू स्थितीत’ एवढंच लिहिणारा गिऱ्हाइकाला संशयितच वाटतो. त्यापेक्षा असं लिहावं: ‘चावीचं घड्याळ. तबकडी पुन्हा रंगवलेली. सहाच्या आकड्याजवळ काचेला चरा. पट्टा नवा. दिवसाला पाच मिनिटं मागे पडतं.’ जोडीला दिवसाच्या उजेडातले फोटो हवेत: तबकडी, चावी, मागचं झाकण, झाकण उघडून आतलं यंत्र, आणि तो चराही जवळून. ‘माल परत घेणार नाही’ असं लिहून सुटकाही होत नाही. वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल, तर ईबेच्या हमीनुसार खरेदीदार पैसे परत मागू शकतो.

गैरसमज : वस्तू माझी, मी कुणालाही विकेन.

वस्तुस्थिती : 1972 च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी नाणी, मूर्ती, चित्रं पुरावशेष ठरतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा 75 वर्षांची आहे. शिवराई तर सोडाच, पणजोबांनी जपलेला 1918 सालचा पंचम जॉर्जचा चांदीचा रुपयाही शंभरी ओलांडून बसला आहे. पुरावशेषांचा व्यापार देशातल्या देशात करायचा तरी परवाना लागतो. सोन्यात मढवलेलं वाघनख किंवा हस्तिदंती डबी घरात निघाली, तर फोटो टाकण्याचा विचारही करू नये. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो.

गैरसमज : विकलं तेवढं खिशात.

वस्तुस्थिती : ईबेची स्वतंत्र भारतीय साइट 14 ऑगस्ट 2018 ला बंद झाली. आता इथून विकणं म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाला निर्यात करणं. त्यासाठी आयात-निर्यात कोड काढावा लागतो. साइटचं कमिशन अमेरिकी बाजारात अनेक प्रकारच्या वस्तूंवर 13 टक्क्यांच्या आसपास असतं आणि ते टपालखर्चासह एकूण रकमेवर कापलं जातं. खोका, बुडबुड्यांचं प्लास्टिक, ट्रॅकिंगचं पार्सल, चलनबदलातली कपात हे निराळंच. शिवाय 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला अमेरिकेत मिळणारी करमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून बंद झाली आहे. हा सगळा हिशेब कागदावर आधी मांडावा, लिस्टिंग नंतर करावी.

नव्या विक्रेत्याला महिन्याला किती वस्तू विकता येतील, यावरही ईबे मर्यादा घालतं. ती जाचक वाटते, पण नवख्याच्या पथ्यावरच पडते. आधी दोन-तीन किरकोळ वस्तू स्वतः विकत घ्या. चांगला विक्रेता पार्सल कसं बांधतो, उत्तर कसं देतो ते बघा. खात्यावर चार चांगले अभिप्राय जमले की घरातली एकच वस्तू विकायला काढा, अशी की जिच्यातला प्रत्येक दोष तुम्हाला ठाऊक आहे. आणि ती ट्रॅक्टरची नोट? किराणावाल्याला द्या. पाच रुपयांना ती आजही चालते.