घरातली रिकामी खोली अ‍ॅपवर टाकताय? आधी या सेटिंग्ज समजून घ्या

गावच्या घरातली वरची खोली वर्षभर बंद असते. गणपतीत आणि मे महिन्यात उघडते, तेवढीच. मग कुणीतरी सुचवतं, "ती एअरबीएनबीवर टाका की! चार पैसे येतील." आणि सगळे तुमच्याकडे बघतात, कारण मोबाईलमधलं घरात तुम्हालाच कळतं.

फोटो काढून लिस्टिंग बनवायला तासभर पुरतो. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. अकाउंट तुमच्या फोनवर आणि तुम्ही पुण्यात किंवा मुंबईत. दार उघडायला, चहा द्यायला, पाणी तापवायला मात्र आई-बाबा. तुम्ही इथे जे बटण 'ऑन' कराल, ते तिथे त्यांना निभवावं लागतं. म्हणून प्रत्येक सेटिंग करताना एकच प्रश्न विचारायचा: हे घरच्यांना झेपेल का?

एअरबीएनबीची सुरुवातही घरातल्या रिकाम्या जागेपासूनच झाली. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका डिझाइन परिषदेमुळे हॉटेलं भरली होती. ब्रायन चेस्की आणि जो गेबिया यांनी आपल्या भाड्याच्या घरात हवा भरायच्या गाद्या टाकून तीन पाहुणे ठेवले. पण तेव्हा यजमान स्वतः घरात होते. तुम्ही नाही, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

बुकिंगला 'हो' कोण म्हणणार?

एअरबीएनबीवर दोन पद्धती आहेत. 'इन्स्टंट बुक' चालू असेल तर पाहुण्याने पैसे भरले की बुकिंग पक्कं, तुम्हाला कुणी विचारत नाही. ते बंद ठेवलं तर आधी विनंती येते आणि तिला २४ तासांत उत्तर द्यावं लागतं. सुरुवातीला दुसरी पद्धत घ्या. एक फोन लावून "बाबा, शनिवारी चौघं येतायत, चालेल ना?" एवढं विचारायला वेळ मिळतो.

आणखी दोन सेटिंग्ज बरेच जण बघतच नाहीत. पहिली, आगाऊ सूचना, म्हणजे पाहुणा येण्याच्या किती आधी बुकिंग व्हायला हवं. ती 'त्याच दिवशी' अशी राहिली तर संध्याकाळी सहाला बुकिंग होऊन आठला गाडी दारात. किमान एक-दोन दिवस ठेवा. दुसरी, तयारीचा वेळ. दोन बुकिंगच्या मध्ये एक रात्र आपोआप बंद ठेवता येते. पावसाळ्यात चादरी दोन दिवस वाळत नाहीत हे अ‍ॅपला माहीत नसतं, ते आपणच सांगायचं.

घरच्यांना तुमचा पासवर्ड देऊन रोज ओटीपीची देवाणघेवाण करत बसू नका. त्यांना 'को-होस्ट' म्हणून जोडा. त्यांचं वेगळं लॉगिन असतं आणि फक्त कॅलेंडर बघण्यापुरती परवानगीही देता येते.

खोली एक, अ‍ॅप दोन

जास्त बुकिंग यावं म्हणून तीच खोली आपण बुकिंग डॉट कॉमवरही टाकतो आणि दोन्ही कॅलेंडर लिंकने जोडतो. ही लिंक 'आय-कॅल' पद्धतीची असते. नाव 'सिंक' असलं तरी काम लगेच होत नाही. एका अ‍ॅपवर बुकिंग झालं की ते दुसऱ्याला निरोप पाठवत नाही. दुसरं अ‍ॅप काही तासांनी स्वतः येऊन ती लिंक वाचतं, तेव्हा त्याला कळतं. शेजारच्या फळ्यावर कुणी काय लिहिलंय ते अधूनमधून जाऊन वाचावं, तसंच हे.

मधल्या तासांत दोन्हीकडे एकाच तारखेचं बुकिंग होऊ शकतं. एरवी हे क्वचितच घडेल, पण ३१ डिसेंबर किंवा दिवाळीच्या सुट्टीत सगळे एकाच वेळी शोधत असतात. मग एक बुकिंग रद्द करावं लागतं. यजमानाने रद्द केलं तर दंड बसू शकतो, रेटिंगवर परिणाम होतो, आणि प्रवासात निघालेल्या कुटुंबाची पंचाईत होते ती वेगळीच.

उपाय साधा आहे: गर्दीच्या तारखा एकाच अ‍ॅपवर खुल्या ठेवा, दुसरीकडे हाताने बंद करा. मोठी हॉटेलं यासाठी 'चॅनल मॅनेजर' नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. त्यात बदल झाला की लगेच सगळीकडे कळवला जातो. पण एका खोलीसाठी त्याचं महिन्याचं भाडं बहुधा परवडणार नाही.

ओळखपत्र बघायचं, साठवायचं नाही

कोण येतंय हे घरच्यांना कळायलाच हवं. पण होतं काय, पाहुणा आधारचा फोटो बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. तो आपोआप गॅलरीत उतरतो, तिथून बॅकअपमध्ये जातो. वर्षभरात पन्नास अनोळखी लोकांची आधार कार्डं बाबांच्या फोनमध्ये! तो फोन हरवला तर?

पाहुण्यांना 'मास्क्ड आधार' पाठवायला सांगा. त्यात बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात. नाहीतर ड्रायव्हिंग लायसन्स चालेल. मूळ कार्ड दारात बघा, चेहरा जुळवा. कोणती नोंद किती दिवस ठेवायची ते स्थानिक पोलीस ठाण्यात एकदा विचारून घ्या, आणि बाकीचे फोटो गॅलरी, चॅट आणि बॅकअप तिन्हीकडून काढून टाका.

पाहुणा परदेशी असेल तर मात्र नियम कडक आहे. तो आल्यापासून २४ तासांच्या आत सरकारी पोर्टलवर त्याची माहिती भरावी लागते. वर्षानुवर्षं लोक याला 'फॉर्म सी' म्हणतात. खोली घरातली आहे म्हणून सूट मिळत नाही. पासपोर्ट आणि व्हिसाचे तपशील लागतात, तेव्हा हे काम तुम्ही पुण्यातून करणार की घरी कुणी, ते आधीच ठरवा.

वाय-फाय आणि हॉलमधला कॅमेरा

घरचा वाय-फाय पासवर्ड पाहुण्याला देऊ नका. बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं. ते चालू केलं की पाहुण्याला इंटरनेट मिळतं, पण घरातला टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा यांच्यापर्यंत पोचता येत नाही. काही राउटरमध्ये गेस्टला घरच्या नेटवर्कमध्ये येऊ देण्याचा वेगळा पर्याय असतो, तो बंद आहे ना ते तपासा. खोलीत क्यूआर कोड चिकटवणार असाल तर तो गेस्ट नेटवर्कचाच हवा. वाय-फायच्या क्यूआरमध्ये पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला असतो.

आता नाजूक विषय. आजी-आजोबांवर लक्ष राहावं म्हणून अनेकांनी गावच्या घरात हॉलमध्ये कॅमेरा लावलेला असतो. पाहुणा त्याच हॉलमधून वर जाणार असेल तर? एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेऱ्यांना पूर्ण बंदी घातली आहे. 'बंद करून ठेवलाय' हे कारणही चालत नाही. घराबाहेर, फाटकापाशी वगैरे चालतो, पण तो कुठे आहे हे लिस्टिंगमध्ये लिहावं लागतं. आजींसाठी कॅमेरा हवाच असेल तर पाहुण्यांचा रस्ता बाहेरच्या जिन्याने असावा, आणि तसं जमत नसेल तर खोली न टाकलेली बरी. आपल्याला जे माणसांवर लक्ष वाटतं, ते पाहुण्याला पाळत वाटतं.

पैसे कधी येतात, कसे जातात

एअरबीएनबी पाहुण्याचे पैसे आधी स्वतःकडे ठेवते आणि ठरलेल्या चेक-इननंतर साधारण २४ तासांनी तुमच्याकडे पाठवते. पाहुणा म्हणाला, "अ‍ॅपवर रद्द करा, मी थेट देतो, कमिशन वाचेल," तर नकार द्या. वाद झाला तर अ‍ॅपकडे दाद मागायची सोय तिथेच संपते.

फसवणूक बहुतेक वेळा अ‍ॅपबाहेर होते. कुणीतरी फोन करतो, 'मी सैन्यात आहे' म्हणतो, चार दिवसांचं बुकिंग मागतो आणि अ‍ॅडव्हान्स पाठवायला म्हणून क्यूआर पाठवतो. घरच्यांना एक वाक्य पाठ करून द्या: पैसे यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. तरीही फसलात तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

नोंदणीचं काय?

अ‍ॅपवर लिस्टिंग झालं म्हणजे सरकारी परवानगी मिळाली असं नाही. महाराष्ट्रात घरात राहून पाहुणे ठेवणाऱ्यांसाठी पर्यटन खात्याची 'निवास व न्याहारी' योजना आहे. गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी करावी लागते. फ्लॅट असेल तर आधी सोसायटीशी बोला, आणि वीज जोडणी घरगुती दरातच राहील का, तेही विचारा.

आता लिस्टिंग लाइव्ह करण्याआधी एक काम. तुमच्या एखाद्या मित्राला दोन दिवस त्या खोलीत राहायला पाठवा, पण तुम्ही सोबत जाऊ नका. मॅपवरची पिन बरोबर दारात आणते का, वाय-फाय लागतं का, ओळखपत्र कोण बघतं, गरम पाणी किती वाजता मिळतं, सगळं त्याला लिहून काढायला सांगा. तो गेल्यावर आईला फोन करून विचारा, "असं महिन्यातून चार वेळा चालेल?" ती काय म्हणते त्यावर कॅलेंडर उघडा. 'दोनच वेळा' म्हणाली, तर दोनच वीकेंड खुले ठेवा.