कातड्याचा नक्षीदार पट्टा

कमरेचा पट्टा आपण रोज पाहतो. बाजारात तो नाना भावांचा मिळतो. काही पट्टे नवे असताना चकचकतात. पण थोड्याच दिवसांत त्यांचे पापुद्रे सुटतात आणि आतला भुगा दिसू लागतो. कातड्याचा चुरा चिकटवून ते केलेले असतात. एकाच जाड कातड्यातून कापलेला, हाताने शिवलेला पट्टा मात्र वर्षानुवर्षे टिकतो. तो कसा करतात ते आज पाहू. हे काम करणाऱ्याला दाम किती मागावे ते समजेल. विकत घेणाऱ्यालाही दाम का द्यावे ते समजेल.

आधी कातडे पारखावे

कच्चे कातडे कुजते. ते कुजू नये म्हणून कमावावे लागते. कमावण्याच्या मुख्य रीती दोन. जुनी रीत झाडपाल्याची. कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढतात. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवतात. याला कित्येक दिवस लागतात. दुसरी रीत क्रोम नावाच्या क्षारांची. ती झटपट होते आणि कातडे मऊ निघते.

नक्षीसाठी सालीवर कमावलेलेच कातडे हवे. ते ओले केले की मातीसारखे दबते आणि वाळले की ठसा तसाच धरून ठेवते. क्रोमचे कातडे रबरासारखे पुन्हा वर येते. त्यावर नक्षी उमटत नाही.

पारख सोपी आहे. कापलेली कड पाहा. सालीचे कातडे आतपर्यंत तपकिरी असते. क्रोमच्या कातड्याची कड पुष्कळदा निळसर दिसते. न रंगवलेल्या कातड्यावर पाण्याचा थेंब टाका. सालीचे कातडे थेंब पिते आणि तिथे गडद होते.

आपली कोल्हापुरी चप्पल अशाच सालीच्या कातड्याची. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत.

पट्ट्यासाठी जनावराच्या पाठीकडचे कातडे घ्यावे. पोटाकडचे कातडे सैल असते. त्याचा पट्टा ताणून लांबतो. जाडी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, किंवा थोडी जास्त असावी.

माप लिहून ठेवावे

गिऱ्हाइकाचा जुना पट्टा मागून घ्या. बक्कलाजवळ कातडे जिथे दुमडले आहे, तिथपासून रोजच्या भोकापर्यंत मोजा. समजा ३४ इंच भरले. बक्कलाकडे दुमडायला ३ इंच धरा. भोकापासून पुढच्या टोकापर्यंत ६ इंच धरा. ३४ आणि ३ आणि ६ मिळून ४३ इंच झाले. एवढी पट्टी कापावी. रुंदी दीड इंच पुरे. नवे बक्कल जुन्याच मापाचे असावे, नाहीतर हिशेब चुकेल.

माप तोंडी ठेवू नका. वहीत गिऱ्हाइकाचे नाव, माप आणि तारीख लिहा. आता लिहिता येते, तर त्याचा उपयोग करा. एक इंच चुकला तर अख्खी पट्टी वाया जाते.

कापताना लोखंडी पट्टी घट्ट दाबून धरावी आणि धारदार रापी एका ओढीत चालवावी. शाळेत सरळ रेघ मारताना पट्टी हलू देत नाहीत, तीच शिस्त इथे लागते.

नक्षी कशी उठवावी

ओल्या फडक्याने पट्टीचा वरचा अंग सारखा भिजवा. लगेच ठोकायला बसू नका. थोडा वेळ थांबा. कातड्याचा मूळ रंग परतू लागला की गालाला लावून पाहा. गार लागले पण पाणी लागले नाही, म्हणजे कातडे तयार झाले. फार ओल्यावर ठसा पसरतो. फार कोरड्यावर तो उमटतच नाही.

आता पट्टी सपाट, जड दगडावर ठेवा. दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर एकेक रेघ ओढा. रेघांच्या मध्ये वेल, कोयरी किंवा गव्हाची ओंबी काढा. रेघेवर चाकूने हलका काप द्यावा. तो जाडीच्या निम्म्याहून खोल जाऊ नये. मग कापाच्या बाहेरचा भाग ठशाने दाबत जावे. बाहेरचा भाग खाली बसला की पान आपोआप वर उठून दिसते. ठशावर लाकडी मोगरीने ठोकावे. लोखंडी हातोड्याने ठसे खराब होतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. ओल्या कातड्याला उघडे लोखंड लागू देऊ नका. लोखंड आणि साल यांचा रस मिळाला की काळा डाग पडतो, आणि तो सहजी जात नाही. पूर्वी हिरडा आणि हिराकस मिळवून शाई करीत, ती याच गुणाने काळी होई. म्हणून ठसे पितळेचे किंवा मुलामा दिलेले वापरावेत. आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवावा.

नक्षी झाली की पट्टी सावलीत वाळवावी. उन्हात ती कडक होते आणि तडकते.

भोके, कडा आणि शिलाई

ठोकताना कातडे थोडे लांबते. म्हणून भोके नक्षीनंतर पाडावीत. दुमडीपासून ३४ इंचांवर मधले भोक घ्यावे. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक इंचावर दोन दोन भोके, अशी पाच होतात. माणूस वाळला किंवा भरला तरी पट्टा चालतो.

कडांचे कोपरे तासून गोल करा. कडेला पाणी लावा आणि गुळगुळीत लाकडाने जोरात घासा. घासून घासून कड काचेसारखी तुळतुळीत होते. मग रंग द्यावा, किंवा नुसता एरंडेल तेलाचा हलका हात फिरवावा.

बक्कलाकडचे टोक रापीने निम्मे पातळ करावे. दुमडीवर बक्कलाच्या काट्यासाठी लांबट भोक पाडावे. टोक अडकवायची कातडी कडी मध्ये बसवून शिवण घालावी. एकच मेणवलेला दोरा घ्यावा आणि दोन टोकांना दोन सुया. आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून न्याव्यात. यंत्राच्या शिवणीतला एक टाका तुटला की शेजारचे उसवू लागतात. या शिवणीतला एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात.

दामाचा हिशेब

आता पैशाचे पाहू. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत. तुम्ही आपल्या गावचे भाव घाला.

कातडे २५० रुपये. बक्कल ५० रुपये. दोरा, रंग, तेल २० रुपये. वाया गेलेले कातडे आणि हत्यारांची झीज ५५ रुपये. एकूण ३७५ रुपये. कामाला ५ तास लागले. आठ तासांची मजुरी ६०० रुपये धरली तर एका तासाचे ७५ रुपये होतात. पाच तासांचे ३७५. पट्ट्याची खरी किंमत झाली ७५० रुपये.

पुष्कळ कारागीर घरच्या मेहनतीचा दाम धरीतच नाहीत. गिऱ्हाईक घासाघीस करते आणि पट्टा ५०० ला जातो. कारागिराला वाटते, पैसे मिळाले. मिळाले किती? ५०० वजा ३७५, म्हणजे १२५ रुपये. तासाला फक्त २५.

ही सवय जुनी आहे. कातड्याच्या मोटेने गावाचे मळे भिजले, पण मोट शिवणाऱ्याला गावाने वेशीबाहेर ठेवले. त्याच्या कामाला मान नव्हता, म्हणून दामही नव्हता. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. मेहनतीचा हिशेब मात्र अजून पुष्कळ ठिकाणी जुन्याच रीतीने चालतो.

तेव्हा कारागिराने वहीत दोन रकाने आखावेत. एकात मालाचा खर्च, दुसऱ्यात कामाचे तास. गिऱ्हाईक भाव पाडू लागले की वही पुढे करावी. आणि घेणाऱ्याने कड पाहावी, शिवण पाहावी, पाण्याचा थेंब टाकावा. माल खरा असेल, तर पाच तासांचे मोल देताना हात आखडू नये.