पासिंग न झालेली परदेशी गाडी: विकण्याआधी कागद पाहा

परदेशातून आणलेली आणि इथे एकदाही पासिंग न झालेली गाडी विकायला निघाली की ‘आरसी तेवढी नाही, बाकी गाडी क्लिअर आहे’ असं सर्रास सांगितलं जातं. सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज तो हाच. मोटार वाहन कायदा 1988 मध्ये मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. नोंदणीच झालेली नसेल, तर त्या कायद्यापुरती ती गाडी कुणाच्या नावावर चढलेलीच नसते. ती आयात केलेला माल असते, आणि तिचा हिशेब आरटीओच्या आधी कस्टम्सकडे द्यावा लागतो. म्हणूनच ‘29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सही करून देतो’ या आश्वासनाला इथे अर्थ उरत नाही. ते फॉर्म नोंदणी झालेल्या गाडीची मालकी बदलण्यासाठी आहेत. नव्या नोंदणीला फॉर्म 20 लागतो, आणि आयात गाडीच्या बाबतीत त्यासोबत कस्टम्सचा मंजुरी दाखला जोडावा लागतो. तो दाखला नसेल तर एजंट कितीही ओळखीचा असला तरी पासिंगचा सरळ रस्ता तिथेच संपतो.

मीरा-भाईंदरमध्ये आखाती देशांत नोकरी केलेली कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यामुळे कायमचं परत येताना घरसामानाबरोबर गाडीही सवलतीत आणता येते, हा समजही इथे रुजलेला दिसतो. सीमाशुल्क कायदा 1962 मधली प्रवासी सामानाची व्याख्या मोटार वाहनांना स्पष्ट शब्दांत वगळते. फ्रीज, टीव्हीला मिळणारी सूट त्यामुळे गाडीला मिळत नाही, तिच्यावर पूर्ण शुल्क भरावं लागतं. जुन्या गाडीच्या आयातीच्या अटी आणखी कडक आहेत. गाडी उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, स्टिअरिंग उजव्या बाजूला असावं आणि ती मुंबई बंदरातूनच यावी. दुबई किंवा कुवेतच्या रस्त्यांवरच्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या असतात. त्यामुळे तिथे वापरलेली गाडी बहुतेकदा दुसऱ्या अटीवरच बाद होते. कायमच्या वास्तव्यासाठी परतलेल्या माणसाला वेगळ्या परवान्याशिवाय गाडी आणता येते खरी, पण त्या तरतुदीला दोन वर्षं न विकण्याची अट जोडलेली आहे. आणली आणि महिन्याभरात विकली, असा व्यवहार तिथे बसतच नाही.

कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या कागदावर, आलेल्या गाडीची गोष्ट वेगळी आहे. परदेशी नंबर प्लेट लावून पर्यटक जी गाडी आणतो, ती शुल्क न भरता, ठरलेल्या मुदतीत परत नेण्याच्या हमीवर आलेली असते. ती इथे विकणं म्हणजे ती हमी मोडणं. दुसऱ्या देशात ती विकणाऱ्याच्या नावावर आहे, एवढ्याने इथे काही सिद्ध होत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो बिनबुडाचा नाही. शुल्क भरलं आहे, विक्रीबंदी नाही, मग माझी वस्तू मी का विकू नये? मालविक्री कायद्याप्रमाणे गाडी ही जंगम वस्तू आहे आणि अशी विक्री निव्वळ नोंदणी नाही म्हणून रद्द ठरत नाही. प्रश्न आहे तो घेणाऱ्याच्या हाती काय पडतं याचा. कस्टम्सच्या बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयातीच्या नोंदीच्या कागदावर, नाव विकणाऱ्याचं, फॉर्म 20 वर नाव घेणाऱ्याचं. मधला दुवा फक्त दोघांमधल्या विक्रीपत्राचा. आरटीओने शंका काढली तर ती सोडवायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते, आणि तोवर गाडी रस्त्यावर काढता येत नाही. काढली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 192 प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे, शिवाय गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार पोलिसांना आहे. 2023 च्या एप्रिलपासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना अधिकृतता प्रमाणपत्राचा नियम लागू झाला. पण तो नोंदणीकृत वाहनांपुरता आहे, त्यामुळे पासिंग न झालेल्या गाडीच्या ग्राहकाला त्याचा आधार मिळत नाही.

दुसरा युक्तिवाद असा, की शुल्क चुकवलं असेल तर ते आणणाऱ्याने, घेणाऱ्याला त्याची झळ कशाला? डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पोर्शे गाडीच्या प्रकरणात नंतरचा खरेदीदार हा ‘आयातदार’ नव्हे, त्याच्याकडून शुल्क मागता येणार नाही, असा निकाल दिला. निकाल न्याय्यच आहे. पण ती गाडी भारतात आली होती 2002 मध्ये. एवढी वर्षं कोर्टात काढण्याची तयारी आणि ऐपत किती जणांकडे असते? ‘दुसऱ्या राज्यात पासिंग करून देतो’ हा अर्धवट कागदांवरचा तोडगा तर निव्वळ धोका आहे. 2021 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या नावाने शुल्कमाफीत आणलेल्या आणि खासगी ग्राहकांना विकलेल्या आलिशान गाड्यांचं प्रकरण उघड केलं. सप्टेंबर 2025 मध्ये केरळात भूतानमार्गे आलेल्या गाड्यांवर छापे पडले; बनावट कागदांवर त्यांची भारतात नोंदणी झाल्याचा आरोप आहे. दोन्ही वेळा गाड्या जप्त झाल्या त्या ज्यांच्या ताब्यात होत्या त्यांच्याकडून.

उरतो पैशाचा मुद्दा, आणि तो खरा आहे. महाराष्ट्रात आयात गाडीला 20 टक्के एकरकमी कर लागतो. 1 जुलै 2025 पासून त्याची कमाल मर्यादा 20 लाखांवरून 30 लाखांवर गेली आहे. आधी स्वतःच्या नावावर पासिंग केलं तर हा भार विकणाऱ्यावर पडतो आणि गाडी ‘सेकंड ओनर’ची होऊन भाव उतरतो. तरीही माझं मत ठाम आहे: आधी पासिंग, मग विक्री. किमतीत जो फरक पडेल तो उघड असतो, मोजता येतो. अर्धवट कागदांतला धोका मोजता येत नाही.

घेणाऱ्याने टोकन देण्याआधी मूळ बिल ऑफ एंट्री मागावं, झेरॉक्स नव्हे. त्यावरचा 17 अक्षरांचा चासी नंबर काचेच्या कोपऱ्यातल्या पट्टीवरच्या आणि चासीवर ठोकलेल्या नंबराशी एकेक अक्षर जुळवावा. शुल्क भरल्याची पावती आणि विक्रीबंदीची अट आहे की नाही, हेही पाहावं. यातलं एकही दाखवायला विकणारा कां-कूं करत असेल, तर ती गाडी घेऊ नये.