फोर्तालेझाला जाणाऱ्या व्यापाऱ्याने काय ध्यानात ठेवावे

ब्राझील म्हटले की आपल्या लोकांना फुटबॉल आठवतो, नाही तर रिओचा समुद्रकिनारा. पण कापडाच्या धंद्यातल्या माणसाला त्या देशात एकच शहर पाहायचे असेल तर त्याने फोर्तालेझा पाहावे. देशाच्या ईशान्येला असलेल्या सेआरा राज्याची ही राजधानी. नावाचा अर्थच किल्ला. एका बाजूला मैलोगणती वाळू आणि दुसऱ्या बाजूला तयार कपड्यांचा मोठा ठोक बाजार. तिजारतीसाठी जा की नुसती सैर करायला, पुढील गोष्टी दोघांनाही उपयोगी पडतील.

आधी पिवळे कार्ड

व्हिसा घरूनच काढावा लागतो हे ट्रॅव्हल एजंट सांगतोच. पण पीतज्वराच्या लशीचा दाखला, म्हणजे पिवळे कार्ड, याकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. हा दाखला जाताना नव्हे, परत येताना नडतो. ब्राझीलहून आलेल्या मुसाफिराजवळ तो नसेल तर आपलेच सरकार त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकते. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी आणि निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी, कारण दाखला दहा दिवसांनंतरच ग्राह्य धरतात. एकदा घेतली की जन्मभर पुरते.

आखाती शहर किंवा अदिस अबाबामार्गे साओ पावलोला पोहोचावे. तेथून फोर्तालेझा विमानाने सुमारे साडेतीन तास. एका दिवसात सफर उरकेल असे समजू नये. पोहोचल्यावर पहिला दिवस आरामासाठी ठेवावा.

हवा, वेळ आणि किब्ला

शहर विषुववृत्ताजवळ आहे. हिवाळा नाहीच. बारा महिने सुती कपडे पुरतात. पावसाचा जोर फेब्रुवारी ते मे. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत वारा जोराचा. घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. सूर्य वर्षभर साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी साडेपाच-पावणेसहाला मावळतो. त्यामुळे नमाजच्या वेळा फारशा बदलत नाहीत.

मात्र आपण सवयीने पश्चिमेकडे तोंड करून उभे राहतो. तिथे किब्ला पूर्वेला, थोडा उत्तरेकडे आहे. खऱ्या (भौगोलिक) उत्तरेपासून सुमारे ६७ अंश. हॉटेलच्या खोलीत पहिल्याच दिवशी दिशा नक्की करून ठेवावी.

खाण्याचा प्रश्न

ब्राझील जगाला हलाल कोंबडी पुरवणारा फार मोठा देश आहे. पण तो माल निर्यातीचा. गल्लीतल्या हॉटेलात मिळणारी कोंबडी हलाल असेलच असे नाही. मासे मुबलक आहेत. मुकुरिपे येथे कोळ्यांच्या होड्या लागतात, तिथल्या मासळी बाजारात ताजी मासळी घेऊन शेजारीच तळून घेता येते.

मी पहिल्या दिवशी एका उपाहारगृहात 'सें कार्ने', म्हणजे मांस नको, असे सांगितले. ताट आले त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे. त्या लोकांच्या बोलण्यात 'कार्ने' म्हणजे गोमांस, बाकीचे त्यात धरतच नाहीत. म्हणून 'सें पोर्कू' असे स्पष्ट सांगावे. 'प्रेझुन्तु', 'तोसिन्यु', 'लिंग्विसा' हे शब्द दिसले की हात आखडावा. भात आणि घेवड्याच्या साध्या दिसणाऱ्या 'बायांव दि दोइस'मध्येही पुष्कळदा ते घालतात. 'काशासा' म्हणजे दारू.

फळांचे रस मात्र पोटभर प्यावेत. विशेषतः काजूच्या बोंडाचा. आपल्या कोकणात काजू आणला तो पोर्तुगीजांनी, याच मुलखातून. नावही तिथलेच, 'काजु'.

बाजार पहाटेचा

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली तेव्हा मुंबईच्या कापूस बाजाराप्रमाणे सेआराच्या कापसालाही सोन्याचा भाव आला होता. पुढे १९८३ साली बोंड पोखरणारा सोंडकिडा ब्राझीलमध्ये आला आणि या भागातली कापसाची शेती बसली. शिवणकाम मात्र टिकले.

तयार कपड्यांची जोसे आवेलीनो रस्त्यावरची रात्रीची पेठ महापालिकेने २०१७ मध्ये उठवली. त्याच वर्षी सेंत्रो फॅशन हे हजारो छोट्या गाळ्यांचे ठोक संकुल सुरू झाले. ठोक धंदा ठरावीक दिवशी आणि भल्या पहाटे चालतो. मी न्याहारी आटोपून सावकाश गेलो तर माल बांधणे चालू होते. तो दिवस फुकट गेला. हॉटेलात बाजाराचे दिवस विचारून घ्यावेत आणि फज्र पढून सरळ निघावे.

ठोकला 'आताकादू' म्हणतात. ठोकचा भाव किती नगांपासून लागू होतो ते आधी विचारावे. कपडा सुती सांगितला तरी एक धागा जाळून पाहावा. कागदासारखा वास व भुरी राख म्हणजे सूत, काळी गोळी झाली म्हणजे पॉलिएस्टर. मोठा माल घेतला तर 'नोता फिस्काल', म्हणजे पक्के बिल, घ्यावेच.

झोळ्या, ज्यांना तिथे 'हेजी' म्हणतात, आणि हातची लेस मेर्कादो सेंत्राल या चारमजली बाजारात मिळते. लेस विणणाऱ्या बायका पाहायच्या असतील तर जवळच्या आकिराझ गावी जावे. उशीवर नमुन्याचा कागद ठेवतात, निवडुंगाचे काटे टाचण्यांसारखे टोचतात आणि लाकडी फिरक्या इकडून तिकडे टाकत धागा गुंफतात. त्या उशीला म्हणतात 'आल्मोफादा'. हा अरबीतला 'अल-मुखद्दा'. कापूस 'आल्गोदाँव', म्हणजे 'अल-कुत्न'. शिंपी 'आल्फायाची', म्हणजे 'अल-खय्यात'. पोर्तुगालच्या मुलखात मुसलमानांची हुकूमत होती त्या काळाची ही ठेव. उर्दू मदरशात शिकलेल्याला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. पैसे देणे म्हणजे 'पागार', हे तर मराठी माणसाला सांगायला नको.

पैसे आणि सावधगिरी

चलन रिआल. रुपये तिथे कोणी बदलून देत नाही, डॉलर न्यावेत. कार्ड बहुतेक ठिकाणी चालते. जो तो 'पिक्स' मागतो, पण ते तिथल्या बँकखात्यावरचे काम आहे, परदेशी माणसाला सहसा जमत नाही. अंगठी, साखळी घरी ठेवावी. रस्त्यात मोबाइल हातात धरून चालू नये. दुकाने बंद झाली की जुन्या बाजारभागात थांबू नये. पासपोर्ट हॉटेलात, नक्कल खिशात.

संध्याकाळी बेइरा-मार या किनाऱ्याच्या रस्त्यावर हस्तकलेची पेठ भरते. बायकामुलांसह फिरायला ती चांगली जागा आहे. ज्यांना किनाऱ्यावरील पेहरावाचा संकोच वाटतो त्यांनी सकाळी लवकर जावे, वाळू मोकळी असते. प्राया दो फुतुरू येथे लाटा जोरदार असतात. खोल पाण्यात जाऊ नये.

शेवटी एकच. पहिल्या खेपेला मोठा सौदा करू नये. नमुने आणावेत, इथल्या आपल्या कारागिरांना दाखवावेत, आपला खर्च काढावा. नफा दिसला तर इन्शाअल्लाह दुसरी खेप आहेच.